बांधावरचा गहू

आमचं शिकारमंडळ मर्विन बेडोजच्या स्वयंपाकघरात जन्माला आलं, आणि ते जन्माला घालणारा मी. हे मुद्दाम आधी सांगतो, म्हणजे पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय मला राहणार नाही.

मी क्लाइव्ह प्रीस. नेटलबरी आणि आसपासच्या गावांतल्या तुंबलेल्या मोऱ्या आणि सेप्टिक टाक्या मी उपसतो. धंदा बरा चालतो, मान तेवढा नाही. गेली वीस वर्षं हिवाळ्यातल्या शनिवारी मी शेजारच्या मार्लहोप इस्टेटीवर हाकारा म्हणून जायचो. हातात काठी घ्यायची, काटेरी झुडपं झोडपत जायचं आणि दडलेले फेझंट, म्हणजे शिकारीसाठी पाळून सोडलेले रानकोंबड्यासारखे पक्षी, लंडनहून आलेल्या पाहुण्यांच्या डोक्यावरून उडवून द्यायचे. ते आपापल्या नंबराच्या खुंटीशी उभे राहून बंदुका झाडायचे. संध्याकाळी आम्हाला थोडी रोकड आणि पक्ष्यांची एक जोडी मिळायची. पन्नाशी उलटली तसं मला वाटायला लागलं, एकदा तरी आपण खुंटीपाशी उभं राहावं आणि पक्षी आपल्यावरून जावेत. मागणं काही फार मोठं नव्हतं.

मर्विनचं शेत मार्लहोपला लागूनच. मेंढ्या, दोन लहान राया आणि मधे सलगमाचा एक तुकडा. मी त्याला आणि इतर सहा जणांना गोळा केलं. त्यांत ग्लेनिस होती. ती शाळेची बस चालवते, आणि तिच्यासमोर थाप मारायची तर आधी पोट भरून जेवून यावं लागतं.

“खर्च किती, तेवढं बोल,” ती म्हणाली.

“पिल्लं घ्यायची दीडशे. बाकी सगळं आपल्या हातांनी. हाकारे भाड्याने आणायचे नाहीत. चौघांनी उभं राहायचं, चौघांनी रान झोडपायचं. पुढच्या हाक्याला अदलाबदल.”

“दीडशे? मार्लहोपवाले पाच हजार सोडतात.”

“त्यांच्याकडे बँकवाले येतात. आपल्याकडे कोण येणार? तू.”

“आणि रोज दाणापाणी कोण बघणार?”

“मी,” मी म्हणालो.

मर्विनने मान हलवली. “याच्यावर सोडू या. निदान वासावरून कळेल तरी, आला होता की नाही.”

सगळे हसले आणि आमचं मंडळ ठरलं. मी त्याचा प्रमुख. आयुष्यात मला कुणी कशाचं प्रमुख केलं नव्हतं. घरी जाताना मी व्हॅनमध्ये एकटाच हसत होतो.

आता विल्फ गिटिन्सबद्दल सांगायला हवं. विल्फ म्हणजे मार्लहोपचा राखणदार. चौतीस वर्षं त्याने तिथले फेझंट वाढवले, राखले, कोल्ह्यांपासून वाचवले. राहायला रानाच्या कडेचं इस्टेटीचं छोटं घर. बायको तिथंच गेली, मुलगी तिथूनच लग्न होऊन गेली. आम्हाला जे काही येत होतं ते त्याच्यामुळेच. आम्ही मंडळ काढतोय म्हटल्यावर तो हसेल असं मला वाटलं होतं. तो आपल्या सुट्टीच्या दिवशी जुन्या जाळीची चार भेंडोळी पिकअपमध्ये टाकून मर्विनच्या रायीत हजर झाला.

“जाळी वीतभर मातीत गाड, आणि खालची कड बाहेरच्या बाजूला वळव,” तो मला म्हणाला. “कोल्हा जाळीच्या बुडाशी उकरतो. दोन पावलं मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. तेवढा शहाणा नसतो तो.”

“एवढंच?”

“एवढंच नाही रे पोरा. बाहेरून विजेची तार. बाहेर पडलेल्या पिल्लाला परत आत शिरायला नरसाळ्यासारखी वाट. आणि दाणा रोज, न चुकता. पाळलेला फेझंट घर ओळखत नाही, दाणा ओळखतो. एक दिवस चुकलास तर तो तुझा राहत नाही.”

चार रविवार तो आमच्याबरोबर राबला. पैसे विचारले तर म्हणाला, ग्लेनिसला सांग, ती डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री कर पुन्हा एकदा. शेवटच्या रविवारी तो मला मर्विनच्या आणि मार्लहोपच्या मधल्या बांधावर घेऊन गेला. बांध म्हणजे काटेरी झुडपांची जुनी, दाट रांग. फेझंटला पलीकडून अलीकडे यायला उडावंही लागत नाही.

“एक गोष्ट,” तो म्हणाला. “या बांधापासून शंभर पावलांच्या आत दाणा ठेवायचा नाही. मीही ठेवत नाही. कायदा काही म्हणत नाही. सोडलेला पक्षी ज्याच्या रानात असेल त्याचा, एवढंच कायदा म्हणतो. म्हणून तर हे आपण हातावर हात देऊन ठरवायचं असतं.”

मी हात दिला. मनापासून दिला. त्या वेळी खोटं काहीच नव्हतं.

पिल्लं ऑगस्टमध्ये आली. आमची पिल्लं स्वस्तातली, कुठल्याशा मोठ्या कारखान्यातली, गळ्याभोवती पांढरी पट्टी असलेली. विल्फचे पक्षी वेगळे. तीस वर्षं त्याने आपल्याच पक्ष्यांची अंडी उबवून तो वाण जपला होता. अंगाने थोडे लहान, मान काळीनिळी, पट्टी अजिबात नाही. आमचे उडताना धापा टाकायचे. त्याचे सुटायचे ते सरळ आभाळाला लागायचे.

सप्टेंबरात एका लग्नाच्या हॉलची टाकी फुटली. पैसे दुप्पट देत होते. चार दिवस मी तिथं गुंतलो आणि रोज ठरवलं की संध्याकाळी रायीत जाऊ. गेलो नाही. पाचव्या दिवशी गेलो तेव्हा दाण्याची पिंपं रिकामी होती, आणि शिट्टी वाजवल्यावर जाळीत जमले पक्षी पस्तीस. बाकीचे शंभर-सव्वाशे कुठे गेले ते त्यांनाच ठाऊक. त्याच संध्याकाळी ग्लेनिसचा फोन आला.

“कशी आहेत आपली पोरं?”

“मस्त,” मी म्हणालो. “टुणटुणीत.”

तेवढं एकच वाक्य खरं बोललो असतो तर काय झालं असतं? सात जणांनी शिव्या घातल्या असत्या, एक हिवाळा फुकट गेला असता. पण मी प्रमुख होतो ना. गटार उपसणाऱ्या क्लाइव्हवर विश्वास टाकला आणि त्याने माती केली, हे मला ऐकायचं नव्हतं. म्हणून पुढच्या आठवड्यात मी सहा निळी पिंपं बांधाजवळच्या झुडपांच्या आत उभी केली. बांधापासून वीस पावलांवर, शंभर नाही. गव्हात मनुके मिसळले. मनुक्यांसाठी फेझंट जीव टाकतो, हेही मला विल्फनेच सांगितलं होतं.

पंधरा दिवसांत ते यायला लागले. काळ्यानिळ्या मानेचे, बिनपट्टीचे.

ऑक्टोबरात विल्फ पबमध्ये भेटला. इस्टेटीवर फिलिपा नावाची नवीन व्यवस्थापक बाई आली होती. गव्हाचा खर्च तिने निम्म्यावर आणला होता.

“बाईंना टक्केवारी पाहिजे,” विल्फ म्हणाला. “सोडले किती, मारले किती. चाळीस टक्क्यांच्या खाली गेलं तर राखणदारी ठेक्याने देणार म्हणतात.”

“मग तुम्ही?”

“मी कसला राहतोय. घर नोकरीला बांधलेलं आहे ना.” त्याने ग्लास फिरवला. “होईल चाळीस. दरवर्षी पंचेचाळीस होतं.”

मी त्याला एक बिअर पाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर गेलो. पिंपं उचलायलाच गेलो होतो, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. गव्हाचं पोतं मात्र बरोबर नेलं होतं. पिंपं भरली आणि परत आलो. पाच हजारांतले शे-दोनशे आले तर काय फरक पडतो, असा हिशेब मांडला. आमच्यासाठी तेवढे म्हणजे सगळा हिवाळा होता.

आमचा पहिला दिवस नोव्हेंबरच्या मध्याला ठरला. नवीन मंडळाने पहिल्या दिवशी शेजारच्या राखणदाराला पाहुणा म्हणून बोलवायचं, ही इकडची रीत. ग्लेनिसने मला न विचारताच विल्फला आमंत्रण दिलं. तो इस्त्रीच्या सदऱ्यावर टाय लावून आला. वडिलांची जुनी दुनळी बंदूक घेऊन आला. चिठ्ठीत त्याला तीन नंबरची खुंटी आली, अगदी मधली. सगळ्यांना आनंद झाला. मी त्याच्याकडे न बघता काठी उचलली.

मी त्या हाक्याला रान झोडपणाऱ्यांत होतो. बांधाकडून आम्ही चौघं ओळीने पुढे सरकलो. आधी एक पक्षी उठला, मग दोन, आणि मग झुडपातून जे सुटले ते मोजता येईनात. इतके उंच की मर्विन खालून नुसता “अरे बापरे” म्हणत राहिला. ज्याचं स्वप्न मी वीस वर्षं पाहिलं ते डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि मी बघत होतो फक्त तीन नंबरच्या खुंटीकडे.

विल्फने बंदूक खांद्याला लावली होती. पहिला पक्षी त्याच्यावर आला. त्याने नळी त्याच्याबरोबर फिरवली, पण चाप ओढला नाही. बंदूक हळूच खाली घेतली, बिजागरीत वाकवून उघडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात घातली. मग मान वर करून तो नुसता बघत उभा राहिला. त्याच्या डोक्यावरून चाळीसेक पक्षी गेले असतील.

“विल्फ, डोळा लागला की काय उभ्या उभ्या?” मर्विनने बाजूच्या खुंटीवरून हाक मारली.

“नाही रे. बघतोय,” विल्फ म्हणाला. “छान उडताहेत.”

लोक हसले. म्हाताऱ्याची नजर गेली, असं कुणीतरी म्हणालं. मी काठीने पुढचं झुडूप झोडपलं.

दिवसाच्या शेवटी मर्विनच्या कोठारात पक्षी जोड्यांनी मांडले. त्रेसष्ट निघाले. दीडशे सोडणाऱ्या मंडळाला पहिल्या दिवशी त्रेसष्ट कधी मिळत नाहीत. ग्लेनिस कमरेवर हात ठेवून ओळीकडे बघत होती.

“क्लाइव्ह, आपण आणले ते सगळे पट्टीवाले होते ना?”

“भटकतात गं पक्षी. कोण कुठून येईल काही सांगता येतं?”

“बरेच भटकलेत,” ती म्हणाली. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग तिने आपली जोडी उचलली आणि पुढच्या शनिवारी भावाला आणलं तर चालेल का, असं विचारलं. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

निघताना विल्फ माझ्यापाशी आला. शिकारीच्या दिवशी पाहुणा जाताना राखणदाराशी हात मिळवतो, आणि हातातल्या हातात घडी घातलेली नोट सरकवतो. कुणी बघायचं नसतं, कुणी बोलायचं नसतं. चौतीस वर्षं विल्फने हे हात घेतले होते. त्या संध्याकाळी त्याने माझा हात हातात घेतला आणि तळव्याला कागद लागला.

“विल्फ, नको,” मी म्हणालो.

“घे. रीत आहे. आज राखणदार तू.”

“मी काही...”

“पक्षी चांगले होते,” तो म्हणाला आणि माझा हात दाबून सोडला.

त्याने एक मुस्काटात दिली असती तर मी ऋणी राहिलो असतो. वीस पौंडांची नोट होती. मी ती दुसऱ्या दिवशी चर्चच्या पेटीत टाकली. टाकताना वाटलं, ही देवाच्या गळ्यात का बांधतोस? पण ती जवळ ठेवण्याची माझ्यात हिंमत नव्हती.

पिंपं त्याच रविवारी काढायची, असं मी ठरवलं. पण ग्लेनिसचा भाऊ येणार होता. त्याच्यानंतर मर्विनचे मेहुणे. गावात आमच्या मंडळाचं नाव झालं होतं. आधी माझ्याकडे बघून नाक मुरडणारी माणसं दुकानात मला थांबवून विचारत होती, काय रे, तुझी युक्ती काय? मी म्हणायचो, रोज दाणा, न चुकता. जानेवारीच्या शेवटच्या शिकारीपर्यंत ती पिंपं तिथंच होती. आम्ही दोनशे अकरा पक्षी मारले. सोडले होते दीडशे. त्यातले पट्टीवाले किती, ते मी मोजले नाहीत.

मार्लहोपची टक्केवारी सदतीसवर अडकली. विल्फला पत्र आलं. मार्चअखेर घर रिकामं करायचं होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फिलिपाबाई माझ्या आवारात आल्या. मी टँकर धूत होतो. त्या वाऱ्याचा अंदाज घेऊन पलीकडच्या बाजूला उभ्या राहिल्या.

“तुमच्याबद्दल ऐकलंय मी, मिस्टर प्रीस. दीडशेवर दोनशे अकरा. हे कसं जमवता?”

“नशीब,” मी म्हणालो.

“नशिबाने असे आकडे येत नाहीत. आम्हाला मार्लहोपसाठी ठेक्याने माणूस हवाय. घर पण आहे, एप्रिलपासून मोकळं होतंय. विचार करा.”

मी नळ बंद करायला विसरलो. पाणी बुटांवरून वाहत होतं. मला तिथंच सांगायचं होतं की बाई, ते तुमचेच पक्षी होते. तोंडातून निघालं ते एवढंच, “विचार करतो.” त्या गेल्यावर मी टँकर तसाच टाकला, व्हॅन काढली आणि थेट विल्फच्या घरी गेलो. ठरवलं होतं, आधी त्याला सांगायचं, मग त्याच पावली बाईंकडे.

दार उघडंच होतं. विल्फ स्वयंपाकघरात वर्तमानपत्राच्या कागदात बशा गुंडाळत होता. मुलीच्या फ्लॅटवर जाणार होता, टेलफर्डला, तिसऱ्या मजल्यावर. त्याची कुत्री मर्विन सांभाळणार होता, कारण तिथं कुत्री चालत नाहीत.

“बांधावर पिंपं मी ठेवली होती,” मी दारातच म्हणालो. बसून बोललो असतो तर पुन्हा जमलं नसतं.

“माहीत आहे,” विल्फ म्हणाला.

“कधीपासून?”

“तुमच्या पहिल्या दिवसाच्या दोन आठवडे आधीपासून. सकाळी शिट्टीला पक्षी कमी यायला लागले. ठसे बघत बघत बांधावर गेलो, तर तुझी निळी पिंपं. मनुकेसुद्धा घातले होतेस.”

“मग बोलला का नाहीत? उलथून द्यायची होती ती.”

“तुमच्या रानात होती ना ती. मी दुसऱ्याच्या रानात हात घालत नाही.” त्याने बशी खोक्यात ठेवली. “वाटलं, आज ना उद्या काढशील. ग्लेनिसचं आमंत्रण आलं तेव्हा वाटलं, त्या दिवशी तरी बोलशील. म्हणून आलो होतो.”

मला रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं. तेही आलं नाही.

“मी आत्ता जातो बाईंकडे,” मी म्हणालो. “सगळं सांगतो. सदतीस का झाले ते त्यांना कळलं पाहिजे.”

“नको.”

“का नको? घर जातंय तुमचं.”

“ते गेलंच. त्या बाईला कारण कळल्याने आकडा बदलत नाही. पक्षी धरून ठेवणं राखणदाराचंच काम.” तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलला. “आणि तू सांगणार काय? चौतीस वर्षांच्या राखणदाराचे पक्षी गटारवाल्याने सहा पिंपांवर ओढून नेले? हे एकदा तोंडातून सुटलं की चार परगण्यांत होईल. आता लोक म्हणतात, साल वाईट गेलं, पाऊस फार झाला, गहू कमी मिळाला. तसंच म्हणू देत. तेवढं राहू दे मला.”

मी उभा होतो. आणि खरं सांगतो, त्याचं “नको” ऐकलं तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. गावात तोंड दाखवायची जागा उरली, ग्लेनिससमोर उभं राहायची गरज उरली नाही, मर्विनला काही कळणार नाही, हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं. ते माझ्या चेहऱ्यावरही आलं असणार, कारण विल्फ बघत होता, आणि पुढच्या क्षणी त्याने नजर काढून घेतली. त्याला जे दिसलं ते त्याला बघायचं नव्हतं.

“ते खोकं धर जरा,” तो म्हणाला. “बूड सुटतंय त्याचं.”

मी धरलं. बाईंना मी दुसऱ्या दिवशी फोनवर नाही म्हणालो. कारण दिलं नाही. मार्चच्या शेवटच्या शनिवारी माझ्याच व्हॅनमधून विल्फचं सामान नेलं. जिन्याने तीन मजले कपाट चढवलं, दोन खेपा केल्या, पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. नेटलबरीतून निघताना शेजारीपाजारी विल्फला निरोप द्यायला रस्त्यावर जमले होते. त्यांच्यातली एक म्हातारी माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, क्लाइव्ह, तू होतास म्हणून बरं झालं त्याचं. विल्फ पुढच्या सीटवर बसला होता, काच खाली होती, त्याने ते ऐकलं. त्याने काच वर केली, आणि मी गाडी सुरू केली.